घाणा, माग आणि छापखाना : केडगावच्या मुक्तीची कामाची बाजू

केडगावच्या मुक्ती मिशनचा इतिहास आजवर बहुतेक वेळा पंडिता रमाबाईंच्या चरित्रातले शेवटचे प्रकरण म्हणून लिहिला गेला. संस्कृत पुराणे मुखोद्गत असलेली शास्त्रीबुवांची मुलगी, कोलकात्याच्या पंडितांनी दिलेली ‘सरस्वती’ ही पदवी, बंगाली गृहस्थाशी विवाह, अकाली वैधव्य, विलायत, धर्मांतर, अमेरिका, पुण्यातले वादळ आणि मग केडगाव. हा क्रम वाचकांच्या ओळखीचा आहे, म्हणून तो इथे पुन्हा मांडत नाही. बाईंनी उभ्या केलेल्या संस्थेत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत काय चालायचे, कोण काय करायचे आणि ख्रिस्तावरच्या श्रद्धेचा त्या कामाशी काय संबंध होता, एवढ्याच अंगाने हा लेख लिहिला आहे. माझ्या मते मुक्तीचे वेगळेपण तिथेच आहे. अनाथाश्रम पुष्कळ निघाले. पण त्या काळी पांढरपेशा घरात जे काम हलके मानत, त्याला उपासनेच्या शेजारी जागा देणाऱ्या संस्था थोड्या होत्या.

त्यासाठी मात्र एक जुनी गोष्ट सांगावीच लागते. १८७४च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब देशोधडीला लागले. तीर्थयात्रा करायची, देवळात पुराण सांगायचे आणि मिळेल त्या दक्षिणेवर राहायचे, एवढेच त्या घराला ठाऊक होते. होते नव्हते ते विकून झाले. काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास तेवढे उरले. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत बाईंनी या दिवसांकडे मागे वळून पाहिले आहे. भीक मागायला लाज वाटे, हलके काम करायला कुळाचा अभिमान आड येई आणि पोट भरता येईल असे कसलेच व्यावहारिक शिक्षण कोणाला नव्हते, अशी कबुली त्यांनी दिली आहे. अठरा हजार श्लोक पाठ असलेली सोळा वर्षांची मुलगी पसाभर धान्य मिळवू शकत नव्हती. पुढे त्यांनी मुलींना घाण्यावर, मागावर आणि कल्हईच्या भट्टीवर का बसवले, हे कळायला मला दुसऱ्या पुराव्याची गरज वाटत नाही.

श्रद्धेचा धागा मात्र इंग्लंडमध्ये जुळला. १८८३ साली बाई विलायतेला गेल्या आणि वाँटेज इथल्या सेंट मेरी भगिनीमंडळाकडे राहिल्या. त्या भगिनींचे लंडनमध्ये फुलम भागात एक घर होते. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे ठेवून घेत, शिकवत आणि कामाला लावत. शास्त्रे वाचलेल्या रमाबाईंना हे दृश्य नवे होते. अशा स्त्रीला दयेने वागवावे असे सांगणारे काहीही आपण वाचले नव्हते, आणि इथे तर बायका हे काम रोज करताहेत! भगिनींना याचे कारण विचारले, तेव्हा त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट पुढे केली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. महाराष्ट्रात गदारोळ उठला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. धर्मांतराची कारणे विद्वानांनी पुष्कळ चिकित्सली आहेत. पण बाईंना आधी काम दिसले आणि सिद्धान्त मागाहून समजला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. सिद्धान्तावरून त्या आपल्या धर्मगुरूंशीही शेवटपर्यंत वाद घालत राहिल्या. फुलमचे घर मात्र त्यांच्या मनातून कधी गेले नाही.

तिथून अमेरिका. १८८६च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाला त्या हजर होत्या, आणि मग दोनेक वर्षे तिथेच राहिल्या. या काळात त्यांनी भाषणे दिली, पुस्तक लिहिले आणि पैसे जमवले. शिवाय बालोद्यान पद्धतीचे शिक्षणही घेतले. लहान मुलांना हातांनी काहीतरी करवून घेत शिकवायचे ही फ्रोबेलची तऱ्हा त्यांना फार पटली होती. १८८७च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. उच्चवर्णीय विधवांसाठी निधर्मी शाळा काढावी, दहा वर्षे पैसे आम्ही पुरवू, असा करार झाला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदासदन उघडले. अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. पहिल्या विद्यार्थिनींतली गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांची पत्नी झाली आणि आनंदीबाई कर्वे या नावाने ओळखली गेली. ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात सदनातल्या दिवसांविषयी तिने सांगितले आहे. कर्व्यांच्या पुढच्या संस्थांची पाळेमुळे शोधायला गेले की शारदासदनाच्या दारावरून जावेच लागते. आपल्याकडच्या समाजसुधारणेच्या इतिहासात हा दुवा उगाच हळू आवाजात सांगितला जातो.

१८९० साली सदन पुण्याला आले. जातीचे आचार पाळण्याची मुभा होती, स्वयंपाकाची सोय तशीच ठेवली होती. बाई स्वतः सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार लावून घेत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या आणि त्या उघड्या दारावरून वाद पेटला. ‘केसरी’ने बाईंना ‘रेव्हरंडा’ म्हटले. १८९३ साली रानडे, भांडारकर प्रभृती सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंची अडचण आज नीट दिसते. निधर्मी म्हणून सांगितलेल्या घरात चालिकेची प्रार्थना उघड्यावर होत असेल तर पालक धास्तावणारच. आणि जिची श्रद्धा हाच तिच्या कामाचा झरा आहे, तिने ती कडी लावून जपावी ही अपेक्षाही अन्यायाचीच. हा पेच पुण्यात सुटण्यासारखा नव्हता.

केडगावची जमीन या पेचातून आली, असे म्हटले तर ते अर्धेच खरे ठरेल. दुसरे कारण रोकडे होते. अमेरिकेचा पैसा दहा वर्षांचा होता, पुढे काय? बाईंनी हिशेब केला की फळबाग करावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालवावी. पुण्याच्या पूर्वेला, दौंडच्या वाटेवर, रेल्वे स्टेशनाला लागून सुमारे शंभर एकर जमीन घेतली गेली. आंबा, संत्री, लिंबू लावले. माळरानाच्या, बेताच्या पावसाच्या मुलखात हे करायचे म्हणजे आधी विहिरी. ज्यांना केडगावात धर्मप्रसाराचा गड तेवढा दिसतो, त्यांनी ही जमीन आधी बाग म्हणून घेतली होती हे ध्यानात ठेवावे.

बाग धरायच्या आतच दुष्काळ आला. १८९६ साली मध्य प्रांतातून भयंकर बातम्या येऊ लागल्या. बाई तिकडे गेल्या आणि उपाशी, अनाथ, विधवा अशा तीनेकशे मुली-बायका घेऊन आल्या. इथे संस्थेचा स्वभावच बदलला. शारदासदन ब्राह्मण विधवांसाठी निघाले होते. दुष्काळाने आणलेल्या मुलींना जात विचारायची सोय नव्हती. कुणबी, कोष्टी, आदिवासी, अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या, आपली जात सांगता न येण्याइतक्या लहान, अशा सगळ्या एका पंगतीला आल्या. जातिभेद मोडायचा म्हणून कोणी ठराव केला नव्हता. एवढ्या तोंडांना वेगवेगळ्या चुली मांडणे शक्यच नव्हते. आणि नव्या घराला कोणाचा निधर्मी करार लागू नसल्यामुळे ते करायची गरजही उरली नव्हती.

त्यातच पुण्यात प्लेग शिरला. नव्या मुली शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली, म्हणून केडगावच्या शेतावर तंबू ठोकले गेले, झोपड्या आणि गोठेवजा छपरे उभी राहिली. याच १८९७ साली बाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात एक चिठ्ठी छापली. पुण्याच्या प्लेग-बंदोबस्तात आणि इस्पितळात बायकांशी कसे वर्तन होते, आपल्या एका मुलीचे काय झाले, हे त्यांनी त्यात नाव घेऊन विचारले होते. त्या पत्राचा आधार गोपाळ कृष्ण गोखल्यांनी विलायतेत घेतला, मुंबईच्या गव्हर्नराने ते खोटे ठरवले. सरकार ख्रिस्ती आणि लिहिणारीही ख्रिस्ती, तरी बाईंनी गप्प बसणे पसंत केले नाही. ख्रिस्ती श्रद्धा म्हणजे राज्यकर्त्यांची तळी उचलणे असा समज त्या काळी सार्वत्रिक होता, आजही पुरता गेलेला नाही. संस्थेच्या इतिहासात हे पत्र ठळक छापायला हवे.

१८९८ साली असोसिएशनची दहा वर्षे संपली. बाई अमेरिकेला जाऊन आल्या. मागे मिनी अब्रॅम्स या अमेरिकन मेथॉडिस्ट बाईंनी कारभार पाहिला. मुक्तिसदन रीतसर उभे राहिले ते याच काळात, आणि ते उघडपणे ख्रिस्ती होते. मग १९००चा, गुजरात-राजपुताना होरपळून काढणारा दुष्काळ. बाईंची माणसे गुजरातेत गावोगाव फिरली. वर्षअखेरीस केडगावात जवळजवळ दोन हजार मुली आणि बायका होत्या. एवढे माणूस त्या काळी आपल्याकडे एखाद्या चांगल्या बाजारगावात असे.

या गावाचा दिवस कसा जात असेल? समकालीन वर्णनांतून जी कामे समोर येतात ती नुसती वाचली तरी दम लागतो. शेत, बाग, गोठा आणि दूधदुभते. तेलाचा घाणा. दळण, मसाला कुटणे. भट्टीची भाकरी म्हणजे पाव. धुणे. साधे कपडे शिवणे, टोप्या, लेस, गुंड्या. दोर वळणे, केरसुण्या आणि टोपल्या करणे. लोकर आणि सूत कातणे; घोंगड्या, सतरंज्या, लुगडी विणणे; रंगवणे. भांड्यांना कल्हई. आणि शेवटी खिळे जुळवणे, छपाई, पुस्तकबांधणी. जोडीला शाळा, अध्यापिका आणि परिचारिकांचे शिक्षण.

यातली कल्हई मला विशेष वाटते, कारण त्या कामाकडे सहसा कोणी पाहत नाही. दोन हजार माणसांचा स्वयंपाक तांब्या-पितळेच्या हंड्या-पातेल्यांत व्हायचा. कल्हई उडाली की चिंच घातलेली आमटी कळकते आणि एका दिवसात निम्मे वसतिगृह आजारी पडते. गावाकडे हे काम फिरता कल्हईवाला करी. तो पुरुषच असे. केडगावात ते मुलींनी शिकून घेतले. जमिनीत खळगा करून कोळशाची भट्टी, भात्याने वारा. भांडे आधी वाळू-राखेने स्वच्छ घासायचे, मग तापवायचे. बरोबर तापले की नवसागराची पूड टाकायची. नाकाडोळ्यांत जाणारा पांढरा धूर उठतो. लगेच कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने ते वितळलेले कथील एका दमात सगळीकडे फिरवायचे. हात रेंगाळला तर डाग राहतो, घाई झाली तर पातळ बसते. ज्या मुलीला हे जमते तिच्यावर शंभर-दोनशे जणींचे जेवण अवलंबून असते, आणि ते तिला माहीत असते. उपासनामंदिरात ‘तू देवाला मौल्यवान आहेस’ असे शंभरदा सांगून जे साधत नाही, ते अशा कामाने साधते, असे मला वाटते. कामानंतरची प्रार्थना मग खरी वाटू लागत असेल.

कामाचा पैशाशी संबंध काय, हा प्रश्न रास्त आहे. उद्योगांवर संस्था पूर्णपणे उभी राहावी ही मूळची इच्छा. ती फळाला आली नाही. बागेचे उत्पन्न शाळेच्या एका घराला कदाचित पुरले असते, दोन हजारांना नाही. पैसा देश-परदेशांतल्या देणग्यांतून येत राहिला. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे उदाहरण बाईंसमोर होते. त्यांनी हजारो अनाथ सांभाळले, पण माणसांकडे हात न पसरता देवाकडे मागायचे असा नेम ठेवला. मुक्तीतही गरज पडली की घंटा व्हायची, सगळ्या मुली प्रार्थनेला बसायच्या आणि पुष्कळदा काही ना काही येऊन पडायचे. पण ‘मुक्ती प्रेअर बेल’ नावाचे पत्रक संस्थेच्या गरजा आणि बातम्या घेऊन सातासमुद्रापलीकडच्या मित्रांकडे नियमित जात होते, हेही खरे. प्रार्थना वर जात होती आणि पत्रक टपालात पडत होते. यात मला लबाडी दिसत नाही, उलट बाईंचे व्यवहारज्ञान दिसते. त्यांनी हिशेब चोख ठेवले आणि देणगीदारांना ते दाखवले. म्हणजे उद्योगांचा मुख्य उपयोग उत्पन्न नव्हता, तो मुलीच्या हाताला कसब देण्याचा होता. पुढे ती संस्थेत राहो, लग्न करून जावो, की दुसऱ्या मिशनच्या शाळेत मास्तरीण होवो.

१९०५च्या जूनअखेरीस मुक्तीत जे आध्यात्मिक उद्दीपन झाले, त्यावर जगभर पुस्तके निघाली आहेत. मुली रात्र-रात्र प्रार्थना करू लागल्या, रडू-हसू लागल्या, तुकड्या करून खेडोपाडी शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या. मिनी अब्रॅम्सनी त्यावर लिहिलेली पुस्तिका चिलीतल्या वाल्परायसोला एका मैत्रिणीकडे पोचली आणि १९०९ साली तिकडे पेन्टेकॉस्टल चळवळ सुरू व्हायला तिचा हातभार लागला. केडगाव कुठे, वाल्परायसो कुठे! हा विषय मोठा आहे आणि माझ्या अधिकारातला नाही, म्हणून इथेच सोडतो. एवढे मात्र नोंदवतो की त्या दिवसांतही गाईंच्या धारा वेळेवर निघत होत्या आणि दळण थांबत नव्हते. दोन हजारांच्या घरात ते थांबवून चालतच नाही.

मुक्तीची जी घरे पुढे वाढत गेली, त्यांत कृपासदन मला सर्वांत जवळचे. फुलममध्ये पाहिलेले घर बाईंनी १८९९ साली केडगावात उभे केले, ते हे. दुष्काळात फसवल्या गेलेल्या, विकल्या गेलेल्या, रोगाने पोखरलेल्या मुली तिथे येत. सभ्य समाज त्यांच्याकडे पाहत नव्हता. काही मिशनरीही कचरत. बार्तीमीसदन आंधळ्या मुलींचे, शुभवर्तमानातल्या आंधळ्या बार्तीमयाच्या नावाने. बाईंची कन्या मनोरमाबाई ब्रेल शिकून आल्या आणि त्यांनी ते इथे शिकवले. आंधळ्या मुली वाचू लागल्या, टोपल्या विणू लागल्या, त्यांतल्या काही इतरांना शिकवू लागल्या. प्रीतिसदनात म्हाताऱ्या आणि अपंग बायका. पुढे मनोरमाबाईंनी गुलबर्ग्यालाही मुलींची शाळा काढली. निजामाच्या राज्यात तेव्हा हे धाडसच होते.

आता एक अवघड प्रश्न, जो गौरवग्रंथांत सहसा टाळला जातो. उपासमारीतून उचललेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरक्या मुलीला धर्म निवडायची मोकळीक कितपत असते? जो हात घास देतो त्याचाच देव तिला जवळचा वाटणार. हा आक्षेप त्या काळीही घेतला गेला आणि तो खोडून काढता येत नाही. बाजू मांडायची तर दोनच गोष्टी सांगता येतात. एक, मुक्तीने आपला धर्म लपवला नाही. १८९३च्या पुण्यातली संदिग्धता केडगावात नव्हती. दुसरी, त्या दुष्काळात या मुलींना नेण्यासाठी दारात कोण कोण उभे होते, हेही पाहावे लागते. दलाल होते, कुंटणखान्यांची माणसे होती. एवढ्याने आक्षेप संपला असे मी म्हणणार नाही.

सगळ्या उद्योगांत छापखान्याने जे केले त्याला तोड नाही. बायबलचे मराठी भाषांतर आधीपासून होते, त्यावर बाबा पदमनजींसारख्यांचे कष्ट होते. बाईंची तक्रार अशी की त्याची भाषा पंडिती आहे आणि खेड्यातून आलेल्या माझ्या मुलींना ती कळत नाही. म्हणून चाळिशी उलटल्यावर, ऐकू कमी येत असताना, त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतले आणि मुळावरून भाषांतर करायला बसल्या. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून मृत्यूपर्यंत, जवळपास दीड-दोन तपे हे चालले. एका व्यक्तीने, आणि तीही स्त्रीने, मूळ भाषांवरून अख्खे बायबल भाषांतरित केल्याची उदाहरणे जगातही बोटांवर मोजावी लागतील.

पण भाषांतर कागदावर असते. ते छापायला खिळे लागतात. देवनागरीची जुळणी म्हणजे सोपा खेळ नाही. इंग्रजीच्या मानाने कितीतरी पट जास्त खिळे. सुटी अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना-मात्रा-वेलांट्या, प्रत्येकाचा खण ठरलेला. जुळारी खणांच्या घोडीसमोर उभा राहतो, डोळा हस्तलिखितावर आणि हात खणांत. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते आणि ओळ डावीकडून उजवीकडे पण उलटी धरून भरायची. ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांत चूक झाली तर ती मुद्रितात सापडते, मग चिमट्याने तो एक खिळा उपसून दुसरा बसवायचा. फर्मा छापून झाला की सगळे खिळे धुऊन पुन्हा आपापल्या खणांत सोडायचे. हे काम जुळणीपेक्षा कंटाळवाणे आणि त्यात चूक झाली तर पुढच्या सगळ्या पानांत चुका. केडगावात हे बायकांनी केले. त्यांतल्या कित्येकींनी मुळाक्षरेच केडगावात गिरवली होती. भाषांतर करणारी बाई, जुळणी करणाऱ्या बाया, मुद्रिते तपासणाऱ्या बाया, बांधणी करणाऱ्या बाया. १९०० ते १९२०च्या दरम्यान महाराष्ट्रात असा छापखाना दुसरा कुठला, हे मुद्रणाच्या अभ्यासकांनी सांगावे.

१९१९ साली सरकारने बाईंना कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१च्या जुलैत मनोरमाबाई मिरजेत वारल्या. ज्या मुलीवर संस्था सोपवायची तीच आधी गेली. बाई भाषांतराला पुन्हा बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर भाषांतर हातावेगळे झाले होते. शेवटची मुद्रिते पुरी करण्यापुरतेच आयुष्य त्यांनी देवाकडे मागून घेतले, असे केडगावात सांगतात. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्याचे पुढे काय झाले हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. मंडळ्यांमधून बायबल सोसायटीचेच भाषांतर वापरात राहिले. बाईंचे बायबल अभ्यासकांच्या आणि मुक्तीच्या आप्तांच्या कपाटात राहिले. ज्या साध्या बायांसाठी ते केले त्या बायांच्या उपासनेत ते घरोघर पोचले नाही. पुस्तक उत्तम होते, वितरण कमी पडले, आणि मंडळ्या जुन्या शब्दांना सरावलेल्या होत्या.

बाईंच्या मागे कारभार अनेक वर्षे परदेशी भगिनींकडे राहिला. भारतीय नेतृत्व यायला स्वातंत्र्याच्या पुढची वाट पाहावी लागली. शाळा, दवाखाना, मुलांची घरे, अंधांची आणि निराधार बायकांची घरे यांमुळे संस्था आजही पुणे जिल्ह्यात ओळखली जाते. ‘पंडिता रमाबाई मुक्ती मिशन’ हे तिचे आजचे नाव. १९८९ साली टपाल खात्याने बाईंचे तिकीट काढले.

कामाच्या बाजूने मात्र एक मोठा बदल झाला आहे आणि त्याकडे वाचकांनी भाबडेपणाने पाहू नये. १९०० साली बारा वर्षांची मुलगी घाण्यावर बसली तर तिला वाचवले असे म्हणत. आजच्या कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. निराधार मूल आता संस्थेत परस्पर आणता येत नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. रमाबाईंनी गुजरातेतून मुली आणवल्या, तसे आज कोणी केले तर पोलीस चौकशी होईल. म्हणून मुक्तीची उद्योगशाळा आज जशीच्या तशी उभी करता येणार नाही, आणि करूही नये. प्रौढ बायकांना कसब शिकवणे, त्या कसबाला बाजार मिळवून देणे आणि त्याचा हिशेब उघडा ठेवणे ही आजची कामे. त्यांतले बाजार मिळवून देण्याचे काम केडगावच्या पहिल्या पिढीलाही पुरते जमले नव्हते. पुढच्या विश्वस्तांपुढचे ते पहिले काम आहे, असे मी या लेखापुरते नोंदवून ठेवतो.